टोस्ट नावाचा गोऱ्हा

खरं सांगायचं तर मला अप्पांना फक्त एक साधा प्रश्न विचारायचा होता. फोन लावायचा, विचारायचं, ठेवून द्यायचा. दोन मिनिटांचं काम. ते काम पुढं आठवडाभर चाललं, आणि त्यात एक दिवस असा आला की मी माझ्याच गल्लीत बैल झालो होतो आणि माझी नऊ वर्षांची मुलगी मला मागून हाकत होती. पण हे आधीच सांगून टाकलं की लोक पुढचं ऐकत नाहीत, नुसते हसत बसतात. (सायली, म्हणजे माझी बायको, अजूनही हसते. पोळ्या लाटता लाटता मध्येच थांबून हसते.)

तर पहिल्यापासून सांगतो. मी वाळूजच्या एका कंपनीत स्टोअरला आहे. मागच्या महिन्यात रिकाम्या पॅलेटच्या थप्पीमागं कुत्र्याचं एक पिल्लू सापडलं. त्याची आई आदल्याच दिवशी गेटसमोर ट्रकखाली गेली होती. मी ते पिल्लू 'फक्त एका दिवसापुरतं' म्हणून बजाजनगरला घरी आणलं. आमच्या राजनंदिनीनं त्याला पाहिलं, चहात बुडवलेल्या टोस्टसारखा रंग आहे म्हणून त्याचं नाव टोस्ट ठेवलं आणि 'एका दिवसापुरतं' हा विषय तिथंच संपला.

आमच्या गल्लीत बावीस रो-हाउस, एक पाण्याची टाकी आणि एक साहेबराव आहेत. साहेबराव गल्लीचे अध्यक्ष. तीस वर्षं एसटीत वाहतूक नियंत्रक होते. नोकरी सुटली, पण नियंत्रण काही सुटलं नाही. सकाळ-संध्याकाळ गेटजवळ खुर्ची टाकून बसतात, मांडीवर रजिस्टर, गळ्यात शिट्टी. दूधवाला किती वाजता आला, तीन नंबरचा पाहुणा किती वाजता निघाला, सगळं त्यात असतं. अशा माणसाच्या दोन चपला टोस्टनं एका आठवड्यात खाल्ल्या. दोन्ही डाव्या. वर त्यांच्या बायकोनं वाळत घातलेल्या कुरडयांवरून तो मोकाट धावला, तेही एकदा जाताना आणि एकदा येताना.

साहेबराव रजिस्टर घेऊन दारात आले.

"विश्वजीतराव, येत्या रविवारी सकाळी आठ वाजता चाचणी. गेटपासून टाकीपर्यंत जायचं, वापस यायचं. गळ्यात पट्टा. मालकानं स्वतः चालवायचं, दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही. पिल्लू बसलं, पळालं किंवा कुणावर भुंकलं तर नापास."

"आणि नापास झालं तर?"

"जिथून उचललं तिथं सोडून यायचं. माझा नाइलाज आहे. लेकरंबाळं खेळतात इथं."

राजनंदिनी दारामागं उभी राहून ऐकत होती. साहेबराव गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "बाबा, तिथं ट्रक असतात ना?"

"तू कशाला काळजी करतेस? बाबा आहे ना," मी म्हणालो. हे वाक्य तोंडातून निघून गेलं. माझ्या आयुष्यात 'मी आहे ना' म्हटल्यावर बरं झालंय असं एकही उदाहरण मला आठवेना. (गॅसचा रेग्युलेटर मी दुरुस्त केला होता ते सायलीला आठवतं. पण ते जाऊ द्या.)

दुसऱ्या दिवशी मी लाल पट्टा आणला आणि टोस्टच्या गळ्यात घातला. तो खाली बसला. मी हळूच ओढलं, तो आडवा झाला. मी बिस्कीट दाखवलं. त्यानं आडव्यानंच बिस्कीट खाल्लं आणि डोळे मिटले. मोबाईलवर एक गोरा माणूस त्याच्या कुत्र्याला हिरवळीवरून असा चालवत होता की जणू दोघं मिळून बँकेत निघालेत. तो काय करत होता ते मला कळेना, आणि टोस्टनं तर मोबाईलकडं पाहिलंसुद्धा नाही.

तेव्हा मला अप्पांची आठवण झाली. माझे वडील, रामकिसन अप्पा, देवगाव रंगारीला असतात. त्यांनी उभ्या हयातीत चाळीसेक गोऱ्हे शिकवले असतील. आडदांड, मारके, बसके, कसेही गोऱ्हे लोक त्यांच्याकडं आणून सोडायचे आणि महिन्याभरात ते मान खाली घालून औत ओढायचे. दोर, गळा आणि न ऐकणारं जनावर, विषय तोच होता. फक्त 'कुत्र्याला चालायला शिकवतोय' हे अप्पांना सांगायची माझी हिंमत नव्हती. मागं आमच्याकडची माशांची काचपेटी पाहून त्यांनी "यांला खायचं कधी?" असं विचारलं होतं आणि वर्षभर गावात ते सांगत होते.

म्हणून मी एक छोटासा निर्णय घेतला. कुत्रा म्हणायचंच नाही.

"अप्पा, समजा एखादा गोऱ्हा दोर बांधला की खाली बसत असेल, तर काय करायचं हो?"

पलीकडून अप्पांचा आवाज आला, पण तो नेहमीचा खोकून बोलायचा आवाज नव्हता. "तू गोऱ्हा घेतला का काय, विश्वजीत?"

आता इथं मी 'नाही' म्हणायला पाहिजे होतं. पण चार वर्षांपूर्वी घरी ट्रॅक्टर आला, अप्पांची बैलजोडी गेली, आणि तेव्हापासून त्यांना कुणी काही विचारायला आलं नव्हतं. त्यांच्या आवाजात इतका आनंद होता की माझ्या तोंडून आपसूक "हो" निघालं.

"आरं वा रं पठ्ठ्या! वय काय?"

"तीन महि... तीन वर्षं."

"रंग?"

"तांबूस."

"शिंगं कशी हायेत?"

"शिंगं... नाहीत."

"भुंडा हाय व्हय? असू दे, असू दे. शेपटी?"

"जरा वाकडी आहे. वर."

"वर?" अप्पा विचारात पडले. "अजून काय खोड हाय?"

"चपला खातो." मी बोलून गेलो आणि जीभ चावली.

पण अप्पा बिचकले नाहीत. "मीठ कमी पडतंय त्याला. मिठाचा खडा ठेव म्होरं, चाटू दे. अन् हे बघ, पहिले दोन दिस ओढायचं नाय. गळ्यात दोर नुसता राहू दे, ओढत फिरू दे घरभर. सवय झाली की मंग पुढचं सांगतो."

मीठ मी दिलं नाही. (तेवढी अक्कल मला आहे.) पण दोर राहू दिला. टोस्ट दोन दिवस पट्टा ओढत घरभर फिरला. पट्ट्याचं टोक शिलाई मशीनच्या पायात अडकलं तेव्हा सायली कुणाच्या तरी ब्लाऊजला बाही लावत होती आणि ती बाही सरळ गळ्याकडं शिवली गेली. पण दुसऱ्या संध्याकाळी टोस्ट पट्टा विसरला होता. मी थक्क झालो. अप्पांचं शास्त्र चालत होतं!

बुधवारी मी पुन्हा फोन केला. तोवर अप्पांनी माझ्या गोऱ्ह्याची बातमी अर्ध्या गावात केली होती. 'पोराला मातीची ओढ लागली' असंही कुणीतरी म्हणालं म्हणे. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी माझी गत झाली. खरं सांगावं तर अप्पांना गावात मान खाली घालावी लागेल, न सांगावं तर पुढच्या प्रत्येक धड्यासोबत थाप वाढणार. रविवार चार दिवसांवर होता. राजनंदिनी शाळेतून आली की आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघायची, मग टोस्टच्या पाठीवर हात ठेवून गप्प बसायची. ते मला बघवत नव्हतं. मी थाप तशीच ठेवून पुढचा धडा घेतला.

"आता त्याच्या जोडीला जुना बैल लाव," अप्पा म्हणाले. "नवा गोऱ्हा माणसाकडनं शिकत नाय, जोडीदाराकडनं शिकतो. जुना गरीब पाहिजे बरं का. वाट पाठ असलेला, लई वर्सं जू वाहून वाहून मुकाट झालेला. दोघांला एका जुवाखाली घ्यायचं, अन् मागनं हाकायचं. मागनं, ध्यानात घे. म्होरं होऊन ओढायचं नाय."

फोन स्पीकरवर होता. सायली मशीनवरून मान न उचलता म्हणाली, "आहे की घरात तसा एक."

गुरुवारी सकाळी फर्स्ट शिफ्टच्या आधी, गल्लीत सामसूम असताना, मी पट्ट्याचं दुसरं टोक माझ्या कमरेला बांधलं. टोस्टच्या बरोबरीनं यायला मला बरंच वाकावं लागलं. राजनंदिनी मागं उभी राहिली, हातात केरसुणीची एक काडी.

"बाबा, काय म्हणू?"

"हो, हो म्हण. अप्पा म्हणतात तसं. आणि काडी मला लावू नकोस."

"हो... हो... चला रे दोघं..."

आणि काय सांगू, टोस्ट चालला! मी एक पाऊल टाकलं की तोही एक पाऊल टाकायचा. (त्याची चार, पण मथितार्थ तोच.) आठ नंबर गेलं, सात नंबर गेलं. माझी कंबर भरून आली होती आणि मन त्याहून जास्त. तेवढ्यात गेटमधून मोतीराम दूधवाल्याची मोटारसायकल शिरली, कॅन खणखणले. टोस्ट माझ्या पायांमधून मागं पळाला, तिथून पुन्हा पुढं आला, पट्टा माझ्या दोन्ही पोटऱ्यांना गुंडाळला गेला आणि मी साहेबरावांच्या दारातल्या रांगोळीत पडलो.

साहेबराव खुर्चीवर बसलेलेच होते. त्यांनी घड्याळ पाहिलं, रजिस्टर उघडलं आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं, "पाच पन्नास. नऊ नंबरचे विश्वजीतराव, कमरेला दोर. मुलगी हाकत आहे." मग टोपण लावून त्यांनी हळू आवाजात विचारलं, "घरात सगळं ठीक आहे ना?"

त्यानंतर टोस्ट मला घाबरायला लागला. पट्टा दिसला की मशीनखाली जायचा. शुक्रवार असाच गेला. कंपनीत मी बोल्टच्या खोक्यावर नटचं लेबल लावलं, दोनदा. शनिवारी संध्याकाळी अप्पांचाच फोन आला.

"उद्या पहिल्या गाडीनं येतोय. गोऱ्हा बघायला. घुंगुरमाळ काढून ठेवलीय, सरकीची पेंड बी घेतलीय." मी "अप्पा, अप्पा" म्हणेपर्यंत फोन बंद. परत लावला तर लागेना.

मी फोन हातात धरूनच वळलो. "सायली, आता काय करायचं?"

"काय म्हणजे? आले की खरं सांगायचं. आणि पेंड कुठं ठेवायची ते तुम्ही ठरवा."

रविवारी साडेसातला गेटसमोर रिक्षा थांबली. अप्पा उतरले. धुतलेलं धोतर, डोक्यावर इस्त्रीची टोपी, खांद्यावर घुंगुरमाळ आणि पायाशी पेंडीचं पोतं. घुंगरं वाजवत ते गल्लीतून आले तेव्हा घरोघरच्या खिडक्या उघडल्या. आमच्या आठ बाय दहाच्या अंगणात त्यांनी चारी बाजूंना पाहिलं. तिथं एक तुळस, एक स्कूटी आणि मी होतो.

"गोऱ्हा कुठंय?"

राजनंदिनीच पुढं झाली. तिनं टोस्टला दोन्ही हातांवर उचलून अप्पांसमोर धरलं. "हा बघा अप्पा."

अप्पांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "तांबूस," ते म्हणाले. "भुंडा. शेपटी वर." मग माझ्याकडं वळून, "अन् चपला खातो."

"अप्पा, चुकलं माझं. पण तुम्ही त्या दिवशी फोनवर इतके खूश झालात की मला पुढं खरं सांगवेना."

अप्पा पायरीवर बसले. घुंगुरमाळ काढून त्यांनी मांडीवर ठेवली. "सारी गाडी भरून सांगत आलो रं मी," ते म्हणाले. एवढंच. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मला इतकी शरम वाटली की मशीनखाली टोस्टच्या जागेवर जाऊन बसावंसं वाटलं. राजनंदिनीनं मात्र त्यांना सगळं सांगून टाकलं. चाचणी, आठची वेळ, कंपनीचं गेट, ट्रक, आणि टोस्टची आई. अप्पा ऐकत राहिले.

तेवढ्यात शिट्टी वाजली. आठ वाजले होते.

सगळी गल्ली चहाचे कप घेऊन दारात उभी होती. मी पट्टा मनगटाला दोनदा गुंडाळला आणि मूठ अशी आवळली की बोटं पांढरी पडली. साहेबरावांनी हात खाली केला. आम्ही निघालो. पहिलं घर. दुसरं घर. चौथ्या घरासमोर तो बसला.

"टोस्ट, चल ना रे. चल ना," मी म्हणालो. त्यानं तोंड फिरवलं. मी जरा ओढलं, तर त्यानं चारी पाय रोवले. साहेबरावांनी पेनाचं टोपण काढलं. मी मागं पाहिलं. राजनंदिनीनं ओढणीचा बोळा तोंडात धरला होता आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. तिला मी शब्द दिला होता. संपलं सगळं, असं मला वाटलं.

आणि मग मागून तो आवाज आला.

"हो... हो... हो रं राजा..."

लहानपणी बैलगाडीत मागं झोपलो की हाच आवाज ऐकत मी घरी यायचो. अंगातली नस न् नस ओळखते तो. माझे खांदे आपोआप खाली आले.

"मूठ ढिली सोड," अप्पा म्हणाले. "त्याच्याकडं बघू नको. म्होरं बघ. तूच बिचकल्यावर ते कसं चालंल? हां. श्वास घे. हो... हो... उचल पाय..."

मी पाय उचलला. पट्टा सैल झाला. टोस्टनं एकदा मागं पाहिलं, एकदा माझ्याकडं पाहिलं, अंग झाडलं आणि उठून माझ्या पायाला लागून चालू लागला.

"आजोबा!" साहेबराव खुर्चीतून उठले. "पिल्लाला बाहेरून सूचना देता येणार नाहीत. नियमात बसत नाही!"

"पिल्लाला कुठं देतोय साहेब?" अप्पा म्हणाले. "ते हुशार हाय, त्याला समदं येतंय. मी माझ्या पोराला चालवतोय."

साहेबरावांनी थोडा विचार केला. मालकाला चालवू नये असा नियम बहुधा नव्हता. ते खाली बसले. आम्ही टाकीपर्यंत गेलो, वळलो, मोतीरामच्या मोटारसायकलीशेजारून परत आलो. टोस्ट बसला नाही, पळाला नाही, भुंकलाही नाही. मागून सारखं "हो... हो..." चालू होतं आणि आम्ही दोघं मुकाट्यानं चालत होतो. गेटजवळ पोचलो तेव्हा साहेबरावांनी घड्याळ पाहून लिहिलं, "आठ चौदा. वापस. पास." राजनंदिनीनं टोस्टला उचलून इतकं घट्ट धरलं की तो कण्हला. मला रडू आलं. (मी ते घाम म्हणून खपवलं. सायलीनं टॉवेल आणून दिला आणि म्हणाली, "घाम डोळ्यांनाच जास्त आलाय.")

अप्पा पायरीवर बसून चहा पीत होते. टोस्ट त्यांच्या पायाशी झोपला होता, त्यांची वहाण तोंडात धरून. मी शेजारी जाऊन बसलो. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. अप्पा फोनवर नेहमी स्पीकर लावूनच बोलतात. गावाकडून बद्रीनाथकाका होते, अप्पांचे जुने दोस्त.

"काय रामकिसन, पाह्यला का पोराचा गोऱ्हा? सारे इथं पारावर बसलेत, इचारून ऱ्हायलेत."

अप्पांनी टोस्टकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. मी हात जोडले.

"पाह्यला," अप्पा म्हणाले.

"कसाय?"

"अंगानं बरा हाय. पण लई भेदरट."

"चालतो का?"

"मागं उभं राहून हाकलं की चालतो."

"दाती कितीये?"

अप्पांनी मला हातानंच 'आ कर' म्हणून खुणावलं. मी केला. (आता लपवायला राहिलं तरी काय होतं?) त्यांनी वाकून आत बघितलं.

"वय झालेलं हाय. दोन दाढा सिमेंटनं भरून घेतल्यात."

पलीकडं पारावरचे सगळे हळहळले. मग बद्रीनाथकाका कळवळून म्हणाले, "आरं रामकिसन, फसवलं तुम्हाला! ज्याचा हाय त्याला आजच्या आज वापस कर."

अप्पांनी चहाचा शेवटचा घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"वापस कुणाला करू, बद्री? घरचाच हाय."